जन्म कामींकडे, मरण बुद्धाकडे : जपानी अ‍ॅनिमेशनमधला धर्मविचार

जपानमध्ये मूल महिन्याभराचे झाले की त्याला शिंतो देवळात नेतात, आणि घरात कोणी वारले की बौद्ध भिक्षूला सूत्रपठणाला बोलावतात. जुन्या वळणाच्या घरात भिंतीवरच्या फळीवर शिंतो देवांचे छोटे देवघर असते आणि पलीकडच्या खोलीत पूर्वजांच्या नावांच्या पाट्या असलेला बौद्ध देव्हारा. यात काही विसंगत आहे असे कोणाला वाटत नाही. कामाची ही वाटणी जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये, म्हणजे अ‍ॅनिमेत, जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे. नदी, झाड, गाव, उंबरठा, ऋतू असा जिवंत माणसांचा परिसर आला की कथेचे नियम शिंतोचे असतात. मृत्यू, विरह, पुनर्जन्म, सुटका असे विषय निघाले की बौद्ध विचार पुढे येतो. हे चित्रपट करणारे बहुतेक दिग्दर्शक भाविक म्हणून ओळखले जात नाहीत आणि त्यांचे चित्रपट प्रवचनही देत नाहीत. पण कशाने विटाळ होतो, कोणते काम केल्याची किंमत काय, गेलेला परत येऊ शकतो का, हे सगळे ठरते ते याच दोन परंपरांच्या हिशेबाने.

शिंतोला संस्थापक नाही, एकमेव धर्मग्रंथ नाही आणि श्रद्धेची कलमेही नाहीत. ‘कोजिकी’ (712) आणि ‘निहोन शोकी’ (720) या ग्रंथांत देवांच्या उत्पत्तीच्या कथा आहेत, पण त्या आज्ञा नव्हेत. ‘कामी’ म्हणजे केवळ देवता नाहीत. डोंगर, धबधबा, जुनाट वृक्ष, वीज, कोल्हा, एखादा विलक्षण माणूस, ज्याच्यापुढे माणूस थबकतो ते सगळे कामी. त्यांची संख्या ऐंशी लक्ष सांगतात, म्हणजे अगणित. कामी चांगलेच असतात असे नाही. त्यांचा मान राखावा लागतो, नाहीतर ते कोपतात. देवळाची हद्द ‘तोरी’ या लाकडी किंवा दगडी कमानीने दाखवतात, पवित्र झाडाला गवताचा जाड दोर बांधतात आणि देवळाभोवतीचे रान सह्याद्रीतल्या देवराईसारखे न तोडता राखतात. मृत्यू, रोग आणि रक्त यांनी येतो तो ‘केगारे’, म्हणजे विटाळ. तो पाप नव्हे, मळ आहे. मळ धुता येतो, म्हणून या जगात कायमचा सैतान नसतो. अ‍ॅनिमेतल्या खलनायकांकडे पाहताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियातल्या बेकजे राज्यातून जपानला पोहोचला. पारंपरिक साल 538 किंवा 552. स्थानिक कामींना त्याने हाकलले नाही. कामी हीच बुद्धांची आणि बोधिसत्त्वांची इथली रूपे, असा अर्थ पुढे लावला गेला आणि देवळे व विहार एकाच आवारात नांदू लागले. याच वाटेने भारतातले देवही तिकडे गेले : सरस्वती बेंझाइतेन झाली, महाकाल दाइकोकुतेन, इंद्र ताइशाकुतेन आणि यम एन्मा. हे हजार वर्षांचे मिश्रण मेइजी सरकारने 1868 मध्ये हुकमाने वेगळे केले. शिंतोला सम्राटभक्तीच्या आणि पुढे युद्धाच्या कामाला जुंपले. तो प्रकार 1945 च्या पराभवापर्यंत चालला.

अ‍ॅनिमेचा इतिहास या सावलीतच सुरू होतो. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट मानला जाणारा ‘मोमोतारो : उमी नो शिंपेइ’ (1945) नौदलाच्या पैशातून मित्सुयो सेओ यांनी केला. लोककथेतला पीचपुत्र मोमोतारो त्यात सेनापती आहे, प्राणी त्याचे सैनिक आहेत आणि नावातच त्या सैनिकांना दैवी म्हटले आहे. किशोरवयीन ओसामू तेझुका यांनी तो पाहिला आणि ते भारावून गेले. तेझुका (जन्म 1928), इसाओ ताकाहाता (1935) आणि हायाओ मियाझाकी (1941) ही सगळी युद्ध पाहिलेली पिढी. तिच्या चित्रपटांत कामी मोठ्या सरकारी देवस्थानांत फारसे सापडत नाहीत. ते रानात, ओढ्यात, पडक्या देवळीत आणि हमामखान्यात राहतात. हा योगायोग नसावा. सत्तेने वापरून बाटवलेला शिंतो बाजूला ठेवून त्याच्याही आधीचा, गावठी शिंतो ही मंडळी शोधत होती.

मियाझाकींच्या ‘माय नेबर तोतोरो’ (1988) मध्ये हा शोध सर्वांत सौम्य रूपात दिसतो. शहरातून खेड्यात राहायला आलेल्या दोन बहिणींना कापराच्या प्रचंड झाडात राहणारा केसाळ तोतोरो भेटतो. झाडाला पवित्र दोर बांधलेला आहे, जवळच जुने देऊळ आहे. मुलींचे वडील विद्यापीठात शिकवणारे संशोधक, पण धाकटीने तोतोरो पाहिल्याचे सांगितल्यावर ते तिला खोटे पाडत नाहीत. मुलींना घेऊन झाडापुढे जातात, वाकून नमस्कार करतात आणि मुलीची काळजी घेतल्याबद्दल आभार मानतात. तोतोरो कोण, कुठून आला, कशासाठी, याचे स्पष्टीकरण शेवटपर्यंत दिलेले नाही. कामीला स्पष्टीकरण लागत नाही. हा चित्रपट ज्या सायामा टेकड्यांवरून सुचला, तिथले रान वाचवण्यासाठी तोतोरोच्या नावाने निधी उभा राहिला आणि लोकवर्गणीतून जमिनीचे तुकडे विकत घेतले गेले.

याच चित्रपटात बौद्ध खूणही आहे, ती मात्र सहज नजरेतून सुटते. धाकटी मेइ हरवते, आजारी आईच्या काळजीने सगळे घाबरलेले असतात, तळ्यात एक चप्पल सापडते. आणि मेइ शेवटी सापडते ती रस्त्याकडेच्या दगडी जिझो मूर्तींच्या रांगेपाशी. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, वाटसरूंचा आणि लहान मुलांचा, त्यातही अकाली गेलेल्या मुलांचा रखवालदार. मृत्यूची शंका आली आणि कथेने पहारा बदलला.

‘स्पिरिटेड अवे’ (2001) मध्ये तर शिंतोचे सगळे नियम एकामागून एक कथेला वळण देतात. सुरुवातीलाच मोटार एका जुन्या झाडापाशी येते. झाडाला टेकून तोरी उभी आहे, खाली लहान दगडी देवळ्या पडल्या आहेत. पूजा थांबलेली आहे, पण हद्द शाबूत आहे. ती ओलांडून नायिका चिहिरोचे आईवडील देवांसाठी मांडलेल्या अन्नावर ताव मारतात आणि डुकरे होतात. चिहिरो मात्र काही न खाल्ल्यामुळे विरघळू लागते. त्या जगातला एक घास पोटात गेल्यावरच तिचे शरीर टिकते. ‘कोजिकी’तल्या इझानामी देवीने मृत्युलोकातले अन्न खाल्ले आणि तिची परतीची वाट बंद झाली. मियाझाकींनी तोच नियम उलटा करून वापरला आहे.

मृत्युलोकातून एकटाच परत आलेला इझानागी नदीत स्नान करून विटाळ धुतो आणि त्या स्नानातूनच सूर्यदेवी अमातेरासू जन्मते. चित्रपटातला हमामखाना याच विचाराचा विस्तार आहे : थकलेले आणि मळलेले देव तिथे नाहायला येतात. नागानो प्रांतातल्या तोयामा खोऱ्यात डिसेंबरमध्ये होणाऱ्या शिमोत्सुकी उत्सवात देशभरच्या देवांना उकळत्या पाण्याच्या कढयांभोवती बोलावून स्नान घालतात. मियाझाकींना कल्पना सुचली ती त्यावरून. चित्रपटाचा खरा मध्य म्हणजे दुर्गंधी देवाचा प्रसंग. चिखलाचा ढिगारा वाटणाऱ्या त्या पाहुण्याच्या कुशीत काहीतरी रुतलेले आहे असे चिहिरोला जाणवते. सगळे मिळून दोर ओढतात, तेव्हा आधी सायकल आणि मग कचऱ्याचा डोंगर बाहेर पडतो, आणि आतून प्राचीन मुखवट्यासारख्या चेहऱ्याचा नदीदेव हसत निघून जातो. नदी साफ करताना गाळातून सायकल ओढून काढल्याचा मियाझाकींचा स्वतःचा अनुभव त्यामागे आहे. विटाळ देवात नव्हता, देवावर टाकला गेला होता, हे सांगायला संवादाची गरज पडलेली नाही. हाकू हा दुसरा नदीदेव तर बेघरच झालेला : त्याची नदी बुजवून तिथे सदनिका बांधल्या आहेत. चिहिरोला त्या नदीचे नाव आठवते आणि तो मोकळा होतो. 2002 मध्ये बर्लिनचा सुवर्ण अस्वल आणि 2003 मध्ये ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट जगभर परीकथा म्हणून पाहिला गेला. जपानी प्रेक्षकाला त्यात हरवलेल्या नद्यांची यादीही दिसते.

‘प्रिन्सेस मोनोनोके’ (1997) ही याची काळोखी बाजू. मुरोमाची काळातली कथा सुरू होते ती नागो या रानडुकरांच्या देवापासून. बंदुकीची लोखंडी गोळी शरीरात अडकल्याने तो वेदनेने आणि द्वेषाने वळवळणाऱ्या शापदेवात बदलला आहे. तो मरतो तेव्हा गावची वृद्धा त्याच्यापुढे लवते, त्याच्यासाठी स्मारक उभारून पूजा करण्याचे वचन देते आणि राग सोडण्याची विनवणी करते. ज्याने गावावर हल्ला केला त्याचीच पूजा, हे इतरत्र चमत्कारिक वाटेल. जपानमध्ये ती जुनी रीत आहे. दरबारी विद्वान सुगावारा नो मिचिझाने कारस्थानाला बळी पडून दाझाइफूला पाठवला गेला आणि 903 मध्ये तिथेच वारला. नंतर राजधानीवर संकटे कोसळली, 930 मध्ये राजवाड्यावर वीज पडून दरबारी मेले. हा त्याचा कोप मानून त्याला देवत्व दिले गेले. तोच आज तेन्जिन, विद्येचा देव. परीक्षेआधी विद्यार्थी त्याच्याकडे नवस बोलतात.

या चौकटीमुळे मोनोनोकेत कोणालाच निव्वळ दुष्ट ठरवता येत नाही. लोखंडाच्या भट्ट्या चालवणारी एबोशी जंगल संपवते, पण कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायकांना आणि कुष्ठरोग्यांना कामही तीच देते. मध्ययुगीन जपानमध्ये कुष्ठरोगाला पूर्वकर्माचे फळ समजत. कर्मविचाराची ही सर्वांत क्रूर बाजू. आपल्या घराजवळच्या कुष्ठरुग्णालयाला मियाझाकींनी भेट दिली होती. पडद्यावरचे त्यांचे कुष्ठरोगी पट्ट्यांत गुंडाळलेले असले तरी कुशल कारागीर आहेत, आणि त्यांच्या कर्माचा विषय कोणी काढत नाही. परंपरा वापरताना तिच्यातले काय टाकायचे, हेही दिग्दर्शकाने ठरवलेले असते.

वस्तूंनाही जीव येतो ही समजूत याच कुळातली. शंभर वर्षे वापरलेली अवजारे आणि भांडी टाकून दिली की त्यांत चेतना येऊन ती माणसावर रुसतात, अशा कथा मध्ययुगीन चित्रगुंडाळ्यांत आहेत. शुहेइ मोरिता यांच्या ‘पझेशन्स’ (2012) या ऑस्कर नामांकन मिळालेल्या लघुपटात पावसात अडकलेला एक कारागीर डोंगरातल्या देवळीत शिरतो, तिथे फाटक्या छत्र्या आणि कापडे त्याच्यावर चालून येतात आणि तो न घाबरता त्यांची डागडुजी करायला बसतो. इतक्या थोडक्यात हा विचार मांडणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

पुढच्या पिढीतल्या माकोतो शिंकाई यांनी शिंतोला थेट कथेच्या केंद्रात आणले. ‘युअर नेम’ (2016) ची नायिका देवळाची सेविका आहे. तांदूळ चावून त्याची दारू बनवते आणि ती देवाला वाहते. माणसे, काळ आणि धागे यांना एकत्र विणणाऱ्या ‘मुसुबी’ शक्तीची ओळख तिची आजी करून देते. ही शक्ती ‘कोजिकी’च्या आरंभीच्या देवांच्या नावांतच आहे. ‘सुझुमे’ (2022) अधिक गंभीर आहे. भूकंप म्हणजे जमिनीखालच्या मोठ्या मार्जारमाशाची हालचाल, आणि त्याला काशिमा व कातोरी देवस्थानांतले कळीचे दगड दाबून धरतात, ही जुनी समजूत. 1855 च्या एदो भूकंपानंतर या माशाची शेकडो छापील चित्रे बाजारात आली होती. शिंकाईंनी माशाच्या जागी लाल किडा घेतला, आणि ओसाड पडलेल्या शाळा, करमणूक उद्याने, गरम झऱ्यांची गावे ही त्याची बाहेर पडण्याची दारे केली. दार लावताना नायक त्या भूमीच्या देवाला, आजवर वापरलेली जमीन परत करत असल्याचे सांगतो. नवी इमारत उभारताना भूमिपूजन होते. सोडून दिलेल्या गावाचा निरोप घेणारा विधी मात्र नसतो, हे शिंकाईंनी हेरले. नायिकेचे आडनाव इवातो हे अमातेरासू लपून बसली होती त्या गुहेचे, आणि तिचा भूतकाळ 2011 च्या सुनामीतला आहे.

16 एप्रिल 1988 रोजी ‘तोतोरो’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याच खेळाला, त्याच तिकिटावर दुसरा चित्रपट होता : ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. एकात झाडातला देव आणि वाचलेली मुले, दुसऱ्यात बॉम्बहल्ल्यानंतर उपासमारीने गेलेली भावंडे. दुसऱ्याची सुरुवातच नायक सेइताच्या मृत्यूपासून होते. 21 सप्टेंबर 1945, कोबेतले सान्नोमिया स्थानक. पुढची कथा त्याचा आत्मा पाहत राहतो आणि शेवटी दोघे आजच्या झगमगत्या शहरासमोर बसलेले दिसतात. त्यांना सुटका नाही.

मृत्यूनंतरच्या हिशेबाचा विषय तेझुकांनी आधीच हाती घेतला होता. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या चित्रकथाकाराने 1972 ते 1983 या काळात बुद्धचरित्र मांगा, म्हणजे चित्रकथेच्या, रूपात काढले, पण त्यांचा खरा बौद्ध ग्रंथ म्हणावा तो ‘फीनिक्स’. 1954 पासून मरेपर्यंत ते तो रचत राहिले आणि तो अपुराच राहिला. त्यातल्या कर्माविषयीच्या भागावर रिंतारो यांनी 1986 मध्ये चित्रपट केला. आठव्या शतकात नारा इथे तोदाइजीचा महाबुद्ध घडत असताना गाओ हा खुनी आणि आकानेमारू हा गुणी शिल्पकार यांच्या वाटा एकमेकींना छेदतात. खुनी दुःखातून करुणेकडे जातो, गुणवंत दरबारी मानासाठी कोता होत जातो. 752 मध्ये याच महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून झाले. सोन्याने मढवलेला राजाश्रयी बुद्ध आणि एकाच हाताने राक्षसमुखी कौले घडवणारा गाओ यांत तेझुका कोणाकडे उभे आहेत, याबद्दल शंका उरत नाही.

ताकाहातांनी बौद्ध चित्रभाषा सर्वांत खोलवर वापरली, आणि बहुधा तिच्याशी भांडण्यासाठीच. ‘पोम पोको’ (1994) मध्ये टोकियोलगतच्या तामा नवनगरामुळे बेघर झालेले तानुकी, म्हणजे रूप पालटणारे रॅकून-कुत्रे, भुताखेतांची मिरवणूक काढून माणसांना घाबरवू पाहतात आणि हरतात. ज्यांना रूप बदलता येत नाही ते अमिदा बुद्धाचे नाव घेत नाचू लागतात. हा नामनृत्याचा पंथ तेराव्या शतकात इप्पेन या भ्रमंती करणाऱ्या भिक्षूने गावोगाव नेला होता. शेवटी ते सप्तदैवतांच्या भाग्यनौकेत बसून गात-नाचत मरणाकडे निघून जातात. कुमानोच्या किनाऱ्यावरून काही भिक्षू बंद होडीत बसून अवलोकितेश्वराच्या लोकाकडे निघत, त्या आत्मविसर्जनाची आठवण इथे येते. दृश्य विनोदी आहे, म्हणूनच ते अधिक लागते.

‘द टेल ऑफ प्रिन्सेस कागुया’ (2013) चा शेवट या सगळ्यांचा कळस. मरणाऱ्याला न्यायला अमिदा बुद्ध वादक बोधिसत्त्वांसह ढगावरून येतो, अशी ‘राइगो’ चित्रे भिक्षू गेन्शिनच्या 985 मधल्या ग्रंथानंतर विशेष पसरली. उजी इथल्या ब्योदोइनच्या 1053 मधल्या दालनात असे 52 बोधिसत्त्व भिंतींवर लावले होते. मरणासन्न भक्ताला ते आश्वासन होते. ताकाहातांनी कागुयाला परत न्यायला चंद्रावरून येणारा लवाजमा हुबेहूब तसाच काढला, त्याला जो हिसाइशींचे आनंदी, जवळजवळ जत्रेतले संगीत दिले, आणि प्रेक्षकाच्या पोटात गोळा आणला. चंद्रलोकाचे वस्त्र अंगावर पडले की पृथ्वीचा मळ आणि आठवणी दोन्ही पुसल्या जातात. पृथ्वी मलिन नाही, असे कागुया कळवळून सांगते आणि त्याच क्षणी वस्त्र पडते. दुःखमुक्ती आहे, पण ती मिळताना आईबाप, गवत, पक्षी, प्रेम सगळे जाते. अशी मुक्ती हवी का, हा प्रश्न बौद्ध प्रतिमेतूनच बौद्ध धर्माला विचारलेला आहे. अ‍ॅनिमेतील धर्मविचाराचा एकच प्रसंग निवडायचा झाला तर हाच निवडावा.

परदेशी समीक्षकांना अ‍ॅनिमेतल्या प्रत्येक निःशब्द चौकटीत झेन दिसतो. त्यात तथ्य थोडेच. मियाझाकी दोन हालचालींमधल्या मोकळ्या क्षणाला जाणीवपूर्वक जपतात हे खरे. पण 1963 मध्ये तेझुकांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली तेव्हा चित्रे कमी काढावी लागत होती ती पैसे नव्हते म्हणून. बऱ्याच स्थिर चौकटींचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे.

लोकप्रिय मालिकांत धर्म मुख्यतः मसाला म्हणून येतो. तरी तो निवडक असतो. ‘ड्रॅगन बॉल’चा गोकू हा चिनी कादंबरीतल्या वानरवीराचा अवतार, आणि मेल्यावर तो यमाच्या कचेरीत हजर होतो. त्या कादंबरीतला वानर ज्याच्या सोबतीला निघतो तो भिक्षू म्हणजे ह्युएनत्संग, जो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि ज्याने इथल्या डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन लिहून ठेवले. ते अजिंठ्याचे असावे असे मानतात. ‘नारुतो’त पेन या पात्राची सहा शरीरे देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत आणि नरक या सहा गतींच्या नावांची आहेत. ‘होझुकी नो रेइतेत्सु’ तर नरकाचीच सरकारी कचेरी दाखवते, 272 विभागांची, फायलींखाली दबलेल्या एन्मासह. ‘जुजुत्सु काइसेन’ मध्ये शापांचा राजा सुकुना ‘निहोन शोकी’तल्या दोन तोंडांच्या, चार हातांच्या बंडखोरावरून घेतला आहे, आणि त्याचा प्रतिस्पर्धी गोजो हा मिचिझानेचा वंशज. नवजात बुद्धाने सात पावले टाकून स्वतःच्या श्रेष्ठत्वाची घोषणा केली असे परंपरा सांगते. ते वाक्य गोजो मरणाच्या दारातून परतल्यावर उन्मादात उच्चारतो. धर्मवाक्याचा असा वापर काहींना खटकेल, पण तो अज्ञानातून आलेला नाही.

‘डीमन स्लेयर’ या बाबतीत सर्वांत सरळ. कोळसे पाडणाऱ्या घराण्यात नववर्षाला रात्रभर नाचला जाणारा अग्निदेवाचा कागुरा नृत्यविधी हेच नायक तांजिरोचे शस्त्र होते. म्हणजे लढण्याचे बळ शिंतोचे. राक्षस मरू लागला की मात्र त्याला आपले मनुष्यपण आठवते, आणि तांजिरो त्याच्यासाठी प्रार्थना करतो. ती करुणा बौद्ध. त्याच्या सोबत्यांतला सर्वांत बलाढ्य योद्धा ग्योमेइ आंधळा आहे, त्याच्या हातात जपमाळ आणि तोंडी अमिदाचे नाव. 2020 मध्ये याच मालिकेच्या ‘मुगेन ट्रेन’ चित्रपटाने जपानी तिकीटबारीवर ‘स्पिरिटेड अवे’चा विक्रम मोडला.

गेल्या काही वर्षांत प्रवाह उलटही वाहतो आहे. चाहते पडद्यावरच्या जागा शोधत जातात आणि त्याला तीर्थयात्राच म्हणतात. धर्म आणि करमणूक यांच्या सीमेवरच्या या वागण्याचा अभ्यास अमेरिकी संशोधक जोलियन थॉमस यांनी केला आहे. मनोरंजन म्हणून सुरू झालेले वाचन आणि पाहणे कधी विधीत शिरते, याची रेषा काढता येत नाही, असे त्यातून दिसते. दाझाइफूजवळचे कामादो देऊळ तांजिरोच्या आडनावामुळे गजबजले. साइतामातल्या वाशिनोमिया देवळाची जागा ‘लकी स्टार’ या 2007 च्या मालिकेत दाखवली गेली. त्या वर्षी नववर्षाला तिथे सुमारे 1 लाख 30 हजार लोक आले होते, 2008 मध्ये 3 लाख आणि 2009 मध्ये 4 लाख 20 हजार. नवसाच्या लाकडी पाट्यांवर मालिकेतल्या मुलींची चित्रे दिसू लागली. देवळाच्या व्यवस्थेने आणि गावच्या व्यापाऱ्यांनी चाहत्यांना हटकले नाही, आणि 2008 पासून गावच्या उत्सवात जुन्या पालखीमागोमाग या पात्रांची चित्रे लावलेली दुसरी पालखीही चाहत्यांच्या खांद्यावरून निघू लागली.